शंभर टक्के होकार

जेवायला बसलं की फोन उपडा ठेवायचा, असा ब्रेकभाऊंच्या घरात नियम होता. नियम त्यांनीच केला होता, मुलीसाठी. आणि गेलं वर्षभर तो मोडत होते तेही तेच! एक घास तोंडात आणि एक डोळा फोनवर.

"वाढला का?" बायको विचारायची.

"वाढला!"

"मग आता भाजी वाढू, की त्या आकड्यानेच पोट भरलं?"

ब्रेकभाऊ हसायचे. फोनवरचा तो हिरवा आकडा दर महिन्याला चढत होता, आणि आकडा चढत असला की माणसाला बायकोचे टोमणेही गोड लागतात. गच्चीवर मुलीसाठी एक खोली चढवायची, तिला अभ्यासाला स्वतःची खिडकी द्यायची, हे त्यांचं स्वप्न. आकडा चढला की ती खोली एका विटेने उंच झाल्यासारखी त्यांना वाटायची.

शहराच्या बस वर्कशॉपमध्ये ते ब्रेकचे फिटर. म्हणून तर सगळ्या वर्कशॉपचे ब्रेकभाऊ. त्यांच्या हाताखालून गेलेली बस ब्रेक दाबल्यावर थांबली नाही, असं कधी झालं नाही. अशा जमिनीवरच्या माणसाला पन्नाशीत एकदम पंख फुटले होते ते 'आपला वाटा' योजनेमुळे.

योजना अशी होती. तिजोरीत खडखडाट आहे, असं सरकार नेहमीच म्हणतं. या वेळी जरा जास्तच जोरात म्हणालं. दवाखाने, पाणी, दिवाबत्ती चालवायला पैसा नाही. मग कायदा बदलला. खाजगी कंपन्यांत थेट पैसा घालायची मुभा आजवर फक्त बड्या धेंडांना होती, ती आता साध्या पगारदारालाही मिळाली. ज्या कंपनीने सरकारी सेवा चालवायला घेतल्या, तिच्यात महिन्याला छोटा हप्ता भरायचा, नफ्यातला वाटा घ्यायचा, निर्णयांवर मतही द्यायचं. "आजवर तुम्ही दाराबाहेर उभे होतात, आता आत या आणि मालकाच्या खुर्चीत बसा!" असं अर्थमंत्री टाळ्यांच्या कडकडाटात म्हणाले होते.

वाचकहो, लगेच नाक मुरडू नका. यात वावगं काहीच नव्हतं. श्रीमंताचा पैसा कामाला लागतो आणि गरिबाचा गादीखाली झोपतो, हे कुठवर चालायचं? दार उघडलं ते चांगलंच झालं. गोष्ट आहे ती दारातून आत गेल्यावर डोळे मिटून बसणाऱ्यांची.

ब्रेकभाऊंची थोरली बहीण पलीकडच्याच गल्लीत राहायची. सगळं जग तिला ताई म्हणायचं, आणि जगात तीच एक अशी होती जी पन्नाशीच्या ब्रेकभाऊंना अजून 'बाळ्या' म्हणायची. चष्म्याच्या दुकानात ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. काही वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिला, हे तिचेच शब्द. तेव्हापासून आठवड्यातून तीन संध्याकाळी दुकान सुटलं की ती सरकारी डायलिसिस केंद्रात जायची आणि चार तास मशीनला जोडून घ्यायची. पाणीसुद्धा दिवसाला मोजून प्यायचं. पण तोंड? तोंडावर कसलंच पथ्य नव्हतं.

"काय मालक," ती दारातूनच ओरडायची, "आज कोणती कंपनी विकत घेतली?"

"थट्टा कर तू. खोली झाली की पहिली तूच येशील चहा प्यायला."

"अर्धा कप. तोही आतापासून शिल्लक टाकावा लागेल मला."

आता त्या वर्कशॉपचा एक रिवाज सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं महाभारत त्यातून घडलं. फार पूर्वी एक मेकॅनिक फोनवर बोलत बोलत जॅकवर चढवलेल्या बसखाली शिरला होता, आणि त्याचा हात जाता जाता वाचला. तेव्हापासून फोन फाटकावर जमा करायचे. टाइमकीपरच्या खोलीत भिंतीला लाकडी खणांची फळी होती आणि प्रत्येक खणावर ज्याचा त्याचा बिल्ला नंबर. सकाळी फोन खणात, सुटताना खिशात. टाइमकीपर म्हणजे सगळ्यांचा मामा. लाख माणूस! कुणाचं वीजबिल भर, कुणाच्या पोराचा अर्ज कर, खणातला फोन काढून तो सगळ्यांची कामं उरकायचा. त्याला बरं पडावं म्हणून सगळ्यांनी फोनचा पासवर्डही आपापला बिल्ला नंबरच ठेवला होता. कुलूप लावायचं आणि किल्ली त्याच दाराला अडकवायची, असा हा कारभार. पण मामावर संशय घेणार कोण? त्याने कुणाची दमडी कधी इकडची तिकडे केली नव्हती.

'आपला वाटा'चे हप्तेही मामाच भरायचा. कंपनीकडून अधूनमधून मतदानाचा प्रश्न यायचा, 'होय' किंवा 'नाही' दाबायचं. तेही मामाच दाबायचा, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्यांचं.

आणि एक दिवस वर्कशॉपमध्ये कूलर आला!

थंड पाण्याचा, चकचकीत, दोन नळांचा. वर पितळी पट्टी: 'शंभर टक्के सहभागाबद्दल.' उद्घाटनाला भागातून निवडून आलेले साहेब स्वतः आले. फीत दिसली की कात्री घेऊन हजर, म्हणून लोक त्यांना पाठीमागे फीतकापे म्हणत.

"मित्रहो," फीतकापे साहेब म्हणाले, "कंपनीच्या प्रत्येक मतदानात भाग घेणारं हे आपल्या शहरातलं पहिलं वर्कशॉप! असे जागरूक नागरिक असतील तर सरकारने काळजी कशाला करायची?"

टाळ्या पडल्या. ब्रेकभाऊंनी तर हात लाल होईपर्यंत वाजवल्या. मामाला सगळ्यांनी खांद्यावर घेतलं. आणि वर्षानुवर्षं टाकीचं कोमट पाणी प्यायलेल्या त्या माणसांनी दोन दोन पेले गार पाणी ढोसलं.

संध्याकाळी हे सगळं ताईला सांगितल्यावर ती हसली नाही.

"कसलं मतदान होतं रे?"

"असतं काहीतरी. मामा बघतो."

"मत काय उसनं द्यायची वस्तू आहे, बाळ्या?"

"तुला ना, प्रत्येक गोष्टीत खोट दिसते!"

"काचा घासते ना मी. ओरखडा आधी दिसतो," असं म्हणून ती मशीनच्या वेळेला निघून गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत डायलिसिस केंद्राच्या दारावर कागद लागला. पुढच्या महिन्यापासून संध्याकाळची पाळी बंद.

ब्रेकभाऊंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईला घेऊन ते तडक केंद्रात गेले. इन्चार्ज सिस्टरला संध्याकाळच्या पेशंटांनी आधीच वेढलं होतं. एक शिक्षक होते, एक भाजीवाली होती, कॉलेजातली एक मुलगी कोपऱ्यात मुसमुसत होती. दिवसा कामाला किंवा शिकायला जाणारी ही सगळी माणसं. त्यांच्यासाठी तर ती पाळी होती!

"मी काय करू, भाऊ?" सिस्टर काकुळतीला येऊन म्हणाली. "माझ्या हातात असतं तर मी स्वतः थांबले असते. हे केंद्र आता कंपनी चालवते. संध्याकाळी पेशंट कमी, पगार आणि वीज तेवढीच, नफा बसत नाही म्हणे. भागधारकांनी मतदान करून ठरवलंय."

"कोण हे भागधारक?" ब्रेकभाऊ कडाडले. "त्यांना आयाबहिणी नाहीत? दगडाच्या काळजाची माणसं! समोर आणा एकेकाला!"

तुमच्या मनात एव्हाना पाल चुकचुकली असेल. ब्रेकभाऊंच्या नाही चुकचुकली. केंद्रावर अजून जुनी सरकारी पाटीच होती, आणि आपला पैसा कुठल्या तरी मोठ्या धरणात, मोठ्या पुलात असेल अशी त्यांची गोड समजूत होती. पैशाने परतताना काय आणलं ते आपण बघतो. तो गेला होता कुठे, हे विचारायचं आपल्याला सुचतच नाही.

दिवसाच्या पाळ्या गच्च भरलेल्या होत्या. ताईला कशाबशा आठवड्यात दोन सकाळी मिळाल्या. तिसरी पाळी शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या केंद्रात, तीही जागा रिकामी झाली तर. चष्म्याचा दुकानदार चांगला माणूस होता, म्हणाला, सांभाळून घेऊ. पण दोन सकाळी बुडणाऱ्या माणसाला किती दिवस सांभाळणार? ताईने पाण्याचं माप आणखी कमी केलं. तिचे पाय सुजले, चेहरा सुजला. विचारलं की म्हणायची, "बरं झालं, सुरकुत्या गेल्या."

आणि मग ती दुपार आली.

ब्रेकभाऊ बसखाली होते. मामा शेडमधून धावत येताना दिसला. मामा आयुष्यात कधी धावला नव्हता! त्याच्या हातात ब्रेकभाऊंचा फोन होता.

"भाऊ, चल! ताई दुकानात पडली. श्वास घेता येत नाही तिला!"

मोठ्या रुग्णालयाच्या पांढऱ्या दारापाशी ब्रेकभाऊ तेलकट कपड्यांनी उभे राहिले. आत ताईच्या छातीत पाणी भरलं होतं. जी बाई घोट घोट मोजून प्यायची, ती कोरड्या जमिनीवर पाण्यात बुडत होती! तातडीने मशीन लावलं. बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"वाचल्या. पण थोडक्यात. यांची एक पाळी चुकतेय का?"

"चुकत नाहीये, बाई. बंद केलीय."

"कुणी?"

या एका शब्दाने ब्रेकभाऊ पेटले. बायकोला ताईजवळ बसवलं आणि तसेच निघाले ते फीतकापे साहेबांच्या कार्यालयात घुसले. शिपाई अडवायला आला, त्याला त्यांनी कोपराने बाजूला केलं.

"माझी बहीण मरता मरता वाचली! सरकारने संध्याकाळची पाळी का बंद केली?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. रागावले नाहीत. अशा लोकांची सवय असावी.

"बसा. सरकारने काहीही बंद केलेलं नाही. भागधारकांनी केलंय."

"कोण ते? नावं सांगा!"

साहेबांनी त्यांच्या शर्टावरची वर्कशॉपची खूण पाहिली आणि भुवया उंचावल्या.

"तुम्ही बस वर्कशॉपचे ना? अहो, तुम्हीच!"

"मी?"

"उघडा बघू तुमचा फोन. 'जुनी मतं' दाबा. हां, तेच."

ब्रेकभाऊंनी दाबलं. पडद्यावर एक ओळ होती: 'आरोग्यसेवेतील कमी उत्पन्नाच्या सायंपाळ्यांचे पुनर्नियोजन करावे काय?' आणि खाली, हिरव्या अक्षरांत: 'आपले मत: होय.'

होय!

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. पुन्हा वाचली. आपलाच हात आपल्याच बहिणीच्या गळ्यावर! ज्यांना समोर आणा म्हणून ते कडाडले होते, तो दगडाच्या काळजाचा माणूस समोर आला होता, आणि त्याच्या शर्टाला ब्रेकच्या तेलाचे डाग होते.

"शंभर टक्के होकार होता तुमच्या वर्कशॉपचा," साहेब सांगत होते. "म्हणून तर कूलर."

"पण... तुम्ही तर भाषणात सहभाग म्हणाला होतात!"

"होकार म्हणजे सहभागच की." साहेब खुर्चीत मागे रेलले. "खरं सांगू? पूर्वी काही बंद पडलं की लोक माझ्या दारावर दगड मारायचे. आता मी म्हणतो, मतदान बघा. फार सुटसुटीत झालंय सगळं."

ब्रेकभाऊ बाहेर आले. रस्ता तोच होता, दुकानं तीच होती, त्यांचीच एक बस समोरच्या थांब्यावर अलगद थांबली. पण त्यांना पायाखाली जमीन लागत नव्हती. कुणावर ओरडायचं आता? आरशावर?

वर्कशॉपमध्ये मामाने सगळं ऐकलं आणि तो मटकन खाली बसला.

"भाऊ, देवाशपथ सांगतो, मला काय ठाऊक? ते पुनर्नियोजन का काय ते... मला वाटलं, वेळापत्रक बदलतायत. आणि होय म्हटलं की आकडा वाढतो, एवढं मला कळलं होतं. तुमचं सगळ्यांचं भलं व्हावं म्हणूनच तर..." त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढला. हा माणूस ताईच्या हातचा चष्मा लावत होता!

त्याच्यावर हात उगारायला आलेले ब्रेकभाऊ तसेच उभे राहिले. मामाला किल्ली कुणी दिली होती? त्यांनीच.

संध्याकाळी ताई शुद्धीवर होती. नाकाला नळी, आवाज खोल गेलेला. ब्रेकभाऊंनी तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, मामाच्या माथी मारलं नाही. मी होय म्हणालो, एवढंच म्हणाले, आणि लहान पोरासारखे रडले.

ताईने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बाहेर जा, बाळ्या."

थट्टा नाही, टोमणा नाही. एवढे तीन शब्द. आयुष्यभर बहिणीचा मार खाल्लेल्या त्या माणसाला इतकं कधीच लागलं नव्हतं. ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि बायको न्यायला आली तरी उठले नाहीत.

सकाळी वॉर्डातल्या सिस्टरने हाक मारली. ताई उशीला टेकून बसली होती.

"ये. राग गेलेला नाही, पण राग धरून बसायला श्वास लागतो, तो सध्या कमी आहे."

"ताई, मी आजच सगळे पैसे काढून घेतो. नको ती योजना, नको ती खोली!"

"झालं? हात धुतलेस?" ताई म्हणाली. "तू निघालास की तुझ्या जागी दुसरा येईल, तोही न वाचता होय म्हणेल. माझी संध्याकाळ त्याने परत येणार आहे का?"

"मग काय करू? पैशाचा नादच वाईट!"

"अजिबात नाही. उगाच साधू होऊ नकोस. तुझ्या लेकीला खिडकी हवी, त्यात वाईट काय? आणि बड्यांनीच तेवढं मालक व्हावं, असं कुठल्या दगडावर कोरलंय?" ती दम घ्यायला थांबली. "मला एक सांग. तू ब्रेक तपासतोस. ती बस कुठल्या रस्त्याला जाणार, तुला ठाऊक असतं?"

"नाही."

"आत कोण बसणार?"

"ते कसं ठाऊक असणार?"

"तरी तपासतोस ना? कसा तपासतोस?"

ब्रेकभाऊ खाली मान घालून म्हणाले, "आपल्याच घरचं कुणीतरी आत बसणार आहे, असं समजून."

"मग पैसा हातातून सोडताना ते शहाणपण कुठे जातं रे? तोही रस्त्यावर जातो. त्याच्याही पुढ्यात माणसं येतात. पैसा कामाला लावला म्हणतोस, पण कसल्या कामाला लावला, ते एकदा तरी विचारलंस?"

ब्रेकभाऊंनी तिच्या अंगावरची चादर नीट केली.

"आणि अजून एक ऐक," ताईचा आवाज हळू झाला. "मशीन मला जगवतं, कबूल. पण मागे एकदा एक मुलगा दुकानात आला. पहिला चष्मा. बाहेर जाऊन झाडाकडे बघून ओरडला, आई, पानं वेगवेगळी असतात! त्या क्षणी मी जिवंत होते, बाळ्या. ती संध्याकाळची पाळी होती म्हणून माझा दिवस माझा होता. ती नफ्यात बसत नाही, असं तुम्ही ठरवलंत. तुमचा आकडा माझ्या दिवसांतून वाढत होता."

त्या दिवशी ब्रेकभाऊ वर्कशॉपमध्ये गेले ते सरळ कूलरपाशी. जेवणाची सुट्टी झाली होती. त्यांनी सगळ्यांना फळीतले फोन काढून आणायला लावले आणि तो प्रश्न मोठ्याने वाचला. एकालाही कळला नाही. मग त्यांनी तोच साध्या भाषेत सांगितला: "संध्याकाळी कामावरून येणाऱ्या पेशंटांचं मशीन बंद करून आपला आकडा वाढवायचा का?"

कुणाच्या तरी हातातला गार पाण्याचा पेला तसाच राहिला.

"हे विचारलं होतं आपल्याला?" वेल्डर पुटपुटला. "आणि आपण होय म्हणालो?"

"सगळे. शंभर टक्के!"

सगळेच काही लगेच पाघळले नाहीत, हेही सांगायला हवं. रंगारी चिडला. "माझ्या पोराची फी त्याच आकड्यातून जाते. दुसऱ्याच्या दुखण्याला मी किती पुरणार?" त्याचंही खोटं नव्हतं. ब्रेकभाऊ त्याला एवढंच म्हणाले, "नाही म्हणायचं तर नाही म्हण, होय म्हणायचं तर होय म्हण. पण वाचून म्हण, आणि स्वतःच्या बोटाने." त्या दिवशी प्रत्येकाने पासवर्ड बदलला. मामाने आधी स्वतःचा.

पुरेशा भागधारकांनी मागणी केली तर कंपनीला फेरमतदान घ्यावं लागतं, असा नियम होता. मामाने तो शोधून काढला, आणि मग त्या माणसाच्या अंगात जणू वारं शिरलं. सुट्टीच्या दिवशी तो शहरभर हिंडला. छापखान्यात गेला, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेला, शाळांच्या शिक्षकखोलीत गेला. परत आला तो डोळे विस्फारून.

"भाऊ, विश्वास बसणार नाही तुझा! सगळीकडे एकेक मामा आहे! छापखान्यात फोरमन दाबतो, शाळेत मुख्याध्यापिकाबाईंचे यजमान दाबतात. कुणी म्हणजे कुणी प्रश्न वाचलेला नाही!"

हा धक्का पहिल्यापेक्षा मोठा होता. सगळं शहर मालक झालं होतं, आणि सगळं शहर आपलेच दवाखाने, आपलेच दिवे झोपेत बंद करत सुटलं होतं.

फेरमतदानाआधीच्या सभेत कंपनीच्या माणसाने आकडे दाखवले. पाळी पुन्हा चालू केली तर परतावा खाली येईल. खरं होतं ते. मग ब्रेकभाऊ उभे राहिले. जन्मात भाषण केलं नव्हतं.

"मी ब्रेक दुरुस्त करतो," ते म्हणाले. "ब्रेकमुळे गाडीचा वेग कमी होतो, म्हणून तो काढून टाका, असं कुणी म्हणत नाही. माझा परतावा थोडा कमी झाला तर माझी खोली उशिरा होईल. माझी बहीण गेली असती तर ती कुठल्या परताव्यातून परत आली असती?"

एवढं बोलून ते बसले. पुढच्या रांगेतल्या फीतकापे साहेबांनी वाऱ्याची दिशा ओळखून सर्वात आधी टाळी वाजवली. ती सवय कुठे जायला!

होकार शंभर टक्के आला नाही. निम्म्याहून थोडासा जास्त आला. रंगाऱ्याने कुठलं बटण दाबलं ते कुणी विचारलं नाही. पण संध्याकाळची पाळी परत सुरू झाली! हिरवा आकडा घसरला. बायकोने तो पाहिला आणि म्हणाली, "खोली पुढच्या वर्षी. लेक म्हणतेय, तोवर ताईआत्याच्या खिडकीत अभ्यास करीन."

पाळी सुरू झाली त्या पहिल्या संध्याकाळी ताई दुकानातून थेट केंद्रात आली, तर दारात वर्कशॉपचा टेम्पो उभा. ब्रेकभाऊ आणि मामा घामाघूम होऊन कूलर उतरवत होते. पितळी पट्टी काढलेली होती, तिथे नुसती दोन भोकं होती.

"आम्हाला तिथे तो बघवेना," मामा खाली बघत म्हणाला. "त्यातलं पाणी घशाखाली उतरेना."

ताईने कूलरकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारला.

"अरे शहाण्यांनो! ज्यांना पाणी प्यायची बंदी, त्यांच्याच दारात कूलर? अक्कल कुठे गुंतवलीत?"

मशीनकडे निघालेले सगळे पेशंट खो खो हसले. भाजीवाली हसली, शिक्षक हसले, कॉलेजची मुलगी तर डोळे पुसत हसली.

"नातेवाइकांसाठी गं!" ब्रेकभाऊ ओशाळून म्हणाले. किती दिवसांनी त्यांना टोमणा मिळाला होता!

ताई मशीनला लागली. ब्रेकभाऊ शेजारच्या स्टुलावर बसले. इतक्यात फोन वाजला. कंपनीचा नवा प्रश्न. पूर्वी असा प्रश्न खणातल्या अंधारात येऊन जायचा. ब्रेकभाऊंनी चष्मा लावला.

"मोठ्याने वाच," ताई डोळे मिटून म्हणाली. "चार तास आहेत आपल्याकडे."

ते शब्द शब्द लावून वाचू लागले. अडलं तिथे शिक्षकांनी पलीकडच्या खुर्चीतून अर्थ सांगितला. भाजीवालीने दोन शंका काढल्या. खोलीभर वाद सुरू झाला, आणि 'होय' दाबायचं की 'नाही', हे ठरायला बराच वेळ लागला.

नागरिकहो, लागू द्या वेळ. तुमच्या आमच्या खिशातला पैसा आता घराबाहेर पडून दूरवर कामं करतो, आणि तो आपल्याच नावाने होय म्हणतो. त्या होकाराच्या दुसऱ्या टोकाला कुणाची तरी ताई बसलेली असते. मालक व्हा, जरूर व्हा. पण बोट उठवण्याआधी एकदा तिचा चेहरा आठवा, आणि आपलं बोट कुणालाही उसनं देऊ नका.